हात कुठे होते

"हात कुठे होते तुझे?"

तेंडोलकर सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं, तसा कॅप्टन हृषीकेश मोकाशीचा पारा चढला.

"सांगितलं ना सर, मांडीवर."

"दोन्ही?"

"दोन्ही. विमान आपलं आपण उतरत होतं. ऑटोलँडिंग होतं ते. मी काय टाळ्या वाजवायच्या होत्या?"

सरांनी स्टोव्हवरचं पातेलं उतरवलं आणि चहा गाळायला घेतला. चहा गाळताना माणूस इतका वेळ लावू शकतो हे हृषीकेशला त्या दुपारी नव्यानंच कळलं. शहरातून चार तास गाडी हाकत तो आला होता, ते काही चहा प्यायला नव्हे.

वाघजाईच्या माळावरची ही पत्र्याची शेड पस्तीस वर्षं तशीच आहे. आत दोन ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं. बाहेर मातीची धावपट्टी, धावपट्टीच्या त्या टोकाला तार गुंडाळणारं विंच, आणि ते विंच चालवणारे रज्जाकभाई. तार खेचली की ग्लायडर वर चढतं. वर गेल्यावर तार सुटते, आणि मग पुढचं वारा जाणे आणि वैमानिक जाणे.

तेंडोलकर सरांनी तीस वर्षं प्रवासी विमानं चालवली, दहा वर्षं दुसऱ्या वैमानिकांच्या परीक्षा घेतल्या, आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ते इथे नवख्यांना उडायला शिकवतात. आज मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेले निम्मे परीक्षक त्यांच्या हाताखालून गेलेले. हृषीकेशही गेलेला. सतरा वर्षांचा असताना याच शेडमध्ये तो पहिल्यांदा आला होता, तेव्हा त्याला मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. आता खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या होत्या आणि नऊ हजार तासांचं उड्डाण नावावर होतं. नाकही त्याच हिशेबानं वर गेलेलं होतं.

सरांनी चहाचा ग्लास पुढे केला.

"तुझ्याकडे."

"माझ्याकडे, माझ्याकडे," हृषीकेश कंटाळून म्हणाला. तेव्हा कुठे सरांनी ग्लास सोडला.

हा सरांचा जुना खुळा नियम. विमानात दोन वैमानिक असले की एकानं दुसऱ्याच्या हाती विमान देताना तोंडानं बोलायचं असतं. देणारा म्हणतो, कंट्रोल तुझ्याकडे. घेणारा म्हणतो, कंट्रोल माझ्याकडे. घेणारा बोलेपर्यंत देणाऱ्यानं हात काढायचा नाही. जगभर हीच रीत आहे. पण सरांनी ती चहाच्या ग्लासापर्यंत आणली होती. या शेडमध्ये पाना द्या, किल्ली द्या नाहीतर भज्यांची बशी द्या, "माझ्याकडे" ऐकल्याशिवाय कोणी सोडत नसे. पहिल्या आठवड्यात हृषीकेशनं घेणारा बोलायच्या आतच हात सोडून तीन ग्लास फोडले होते आणि तिन्ही वेळा ओरडा खाल्ला होता.

आता त्याला त्या आठवणीचाही राग आला. उभं आयुष्य असंच काहीतरी खुळं घोकण्यात जातं, असं त्याला वाटलं.

"सर, मी सही घ्यायला आलोय. तुम्ही कागद वाचलाय. गुरुवारी चौकशी समितीपुढे ठेवायचाय. खाली तुमचं मत आलं की कोणी वर तोंड करून बोलणार नाही."

"वाचला."

"मग?"

"दिवस कसा होता?"

हृषीकेशनं सुस्कारा सोडला. समितीत हे दहादा सांगून झालं होतं.

"स्वच्छ. दुपारचे बारा. दहा किलोमीटरपर्यंत लख्ख दिसत होतं."

"वारा?"

"बाजूनं बारा नॉट. ऑटोलँडिंगची मर्यादा वीसची आहे. मागून वारा नव्हताच. सगळ्या मर्यादा पाळलेल्या होत्या, सर. हवं तर पुस्तक पाठ म्हणून दाखवतो."

"लख्ख दिसत होतं, तर यंत्राकडे कशाला दिलंस?"

"सराव. ठरावीक मुदतीत अमुक इतकी ऑटोलँडिंग झाली नाहीत, तर धुक्यात उतरायची मुभा जाते. माझं एक कमी पडत होतं. धुक्याची वाट बघत बसलो असतो तर मुदत टळली असती."

"टॉवरला सांगितलंस? सरावाचं ऑटोलँडिंग करतोय म्हणून?"

"राहून गेलं," हृषीकेश म्हणाला. "आणि सांगितलं असतं तरी काय? स्वच्छ हवेत ते कोणाला थांबवत नाहीत. फार तर म्हणाले असते, रेडिओच्या लहरीची हमी नाही, तुमच्या जबाबदारीवर करा."

"मग?"

"मग काय, मी जरा सावध राहिलो असतो..."

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. सरांचे कान लाल झाले होते. सरांचा राग कधी आवाजात येत नसे, कानांत येत असे. विद्यार्थी त्यांच्या तोंडाकडे न बघता कानांकडे बघायला शिकत.

घडलं होतं ते असं. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला अँटेनांची रांग असते. तिथून रेडिओची एक लहर निघते आणि धावपट्टीच्या बरोबर मधोमध येते. यंत्र ती लहर धरून विमान खाली आणतं. धुकं असलं की टॉवरवाले बाकीची विमानं लांब रोखून धरतात, कारण एवढं मोठं धातूचं धूड अँटेनांसमोरून गेलं की लहर हलते. ऊन पडलेलं असताना हे कोणी करत नाही, कारण तेव्हा वैमानिकाला डोळे असतात असं सगळे धरून चालतात.

त्या दुपारी एक विमान हृषीकेशच्या पुढ्यातच उडालं आणि अँटेनांवरून गेलं. लहर डावीकडे सरकली. यंत्रही इमानेइतबारे डावीकडे सरकलं. जमीन तेव्हा पन्नास-साठ फुटांवर होती. काचेतून धावपट्टी स्पष्ट दिसत होती, आणि ती उजवीकडे जात होती. डावी चाकं गवतात उतरली, कडेचे पाच दिवे फुटले. मागे एकशे बासष्ट माणसं होती. सगळी वाचली, फक्त एका हवाईसुंदरीचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

एकशे बासष्ट माणसं, ऊन पडलेलं, आणि कॅप्टनचे दोन्ही हात मांडीवर!

"ही पोरगी काय म्हणाली होती?" सरांनी कागदावर बोट ठेवलं. "बोरवणकर."

शलाका बोरवणकर म्हणजे त्या दिवशी उजव्या खुर्चीत बसलेली सहवैमानिक. वय सव्वीस, नोकरीला सात महिने.

"म्हणाली, सर, डावीकडे जातंय."

"किती वेळा?"

"दोनदा. टेपवर आहे."

"तू काय म्हणालास?"

हृषीकेशनं चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता.

"म्हणालो, येईल ते मध्ये."

सर उठले. शेडच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. कान आता लालबुंद झाले होते.

"आणि तू इथे लिहिलंयस की सहवैमानिकाने धोक्याची सूचना विहित शब्दांत दिली नाही."

"नाहीच दिली! 'गो अराउंड' म्हणायचं असतं. उतरणं सोडा, पुन्हा वर चला. नियमात हेच शब्द आहेत. 'डावीकडे जातंय' हे काय आहे? ही काय रस्ता चुकलेली रिक्षा आहे? ती ते दोन शब्द बोलली असती तर मी ताबडतोब वर गेलो असतो. नियम हा नियम आहे, सर. तो तुम्हीच आम्हाला शिकवलात."

"तिचं काय होईल?"

"प्रोबेशनवर आहे. काढतील," हृषीकेश म्हणाला. पण हे म्हणताना तो सरांकडे न बघता भिंतीवर टांगलेल्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या जुन्या वारा-पिशवीकडे बघत होता.

"आणि हे वाक्य नसलं तर?"

"तर माझं कमांड जाईल. उजव्या खुर्चीत बसवतील, बाविशीतल्या पोरांचं ऐकत. अकरा वर्षं लागली मला कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत यायला!" आता त्याचा आवाज शेडच्या पत्र्यावर आदळायला लागला. "टॉवरनं विमान सोडलं, लहर हलली, यंत्रानं दगा दिला, पोरगी धड बोलली नाही, आणि फाशी मला? मी काय केलं? मी काहीच केलं नाही!"

"हो," सर म्हणाले. "ते दिसतंय."

हृषीकेशला वाटलं, उठावं, कागद हिसकावून घ्यावा आणि चालू लागावं. म्हातारा गाडीच्या आड आला तरी थांबू नये, इतका राग त्याला आला होता. पण सही हवी होती.

सरांनी कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"चल, वर जाऊन येऊ."

"सर, माझ्याकडे वेळ नाही."

"सही हवी ना?"

मग काय करतो! रज्जाकभाईंनी विंच सुरू केलं. हृषीकेश पुढच्या खुर्चीत बसला, सर मागच्या. ग्लायडरमध्ये शिकणारा पुढे बसतो, शिकवणारा त्याच्या पाठीशी. दोघांच्या पायांमध्ये एकेक दांडा, एक हलवला की दुसराही हलतो. एकवीस वर्षांनी हृषीकेश त्या अरुंद खुर्चीत बसत होता आणि त्याचे गुडघे कशात ना कशात अडकत होते.

तार ताणली गेली. ग्लायडर तीरासारखं वर चढलं, हजार फुटांवर तार सुटली आणि सगळं शांत झालं. फक्त वाऱ्याचा सूं सूं आवाज.

हृषीकेशनं एक गिरकी घेतली. हात विसरले नव्हते. खाली माळ, तळं, शेडचा चमकणारा पत्रा. काही क्षण त्याचा राग कुठल्या कुठे गेला. मग त्याला तो आठवला, आणि आठवला तसा पुन्हा आला.

"कंट्रोल माझ्याकडे," मागून सर म्हणाले.

"कंट्रोल तुमच्याकडे," हृषीकेश म्हणाला आणि त्यानं हात काढले.

सर उतरायला निघाले. तळ्यावरून वळले, बाभळींवरून वळले, धावपट्टीच्या रेषेत आले. म्हातारा अजूनही लोण्यासारखं उडवतो, हृषीकेशच्या मनात आलं. तीनशे फूट... दोनशे... जमीन हळूहळू वर येत होती. तो मनातल्या मनात समितीपुढची वाक्यं जुळवत होता. विहित शब्द. नियम क्रमांक. दोन्ही हात मांडीवर होते.

दीडशे फुटांवर त्याच्या उजव्या खांद्यावर सरांचा हात पडला.

किती वर्षांनी! पहिल्यांदा एकटा उडून आला होता, तेव्हा सरांनी असाच हात ठेवला होता. म्हणजे म्हाताऱ्याला कळलंय. म्हणजे सही मिळणार.

मग डाव्या खांद्यावर दुसरा हात पडला.

हृषीकेशला बरं वाटलं. आणखी एक क्षण बरं वाटलं...

दोन हात?

डावा पंख खाली झुकला होता. धावपट्टी काचेतून उजवीकडे सरकत होती. समोर बाभळीचं बन होतं.

"सर!"

त्यानं दांडा पकडला, उजव्या पायाखालचं पेडल दाबलं, पंख सरळ केला. कसंबसं नाक वळवलं. चाक जमिनीवर आपटलं, उडालं, पुन्हा आपटलं. ग्लायडर धावपट्टीची कड सोडून गवतातून घसरत गेलं आणि बाभळींपासून दहा पावलांवर थांबलं.

वरचं काचेचं झाकण त्यानं लाथ मारूनच उघडलं. बाहेर पडताच तो असा ओरडला की पलीकडच्या टोकाला रज्जाकभाईही विंच सोडून उभे राहिले.

"वेड लागलंय का तुम्हाला? मारलं असतंत! दोघांनाही मारलं असतंत!"

सर सावकाश उतरत होते. आधी एक पाय, मग दुसरा.

"कंट्रोल तुमच्याकडे होतं! तुम्ही घेतलं होतंत! सोडताना बोलला नाहीत तुम्ही! एक शब्द नाही! खांद्यावर हात ठेवायचे आणि मी ओळखायचं? ही काय पद्धत झाली?"

"पद्धत काय आहे?" सरांनी विचारलं.

"तुम्ही मला विचारता? सतरा वर्षांचा होतो तेव्हापासून तुम्हीच डोक्यात घातलंय! देणारा बोलतो, घेणारा बोलतो! आणि घेणारा बोलल्याशिवाय..." त्याला धाप लागली. "घेणारा तोंडानं बोलल्याशिवाय देणाऱ्यानं हात काढायचा नाही! काहीही झालं तरी नाही! चहाचा ग्लाससुद्धा नाही! आणि तुम्ही दीडशे फुटांवर..."

"बरोबर," सर म्हणाले.

त्यांचे कान लाल नव्हते. ते पांढरेफटक होते. हृषीकेशनं सरांचे असे कान कधी पाहिले नव्हते.

"त्या दुपारी तू यंत्राला दिलंस," सर म्हणाले. "दोन्ही हात काढलेस."

हृषीकेशनं बाभळींकडे बघितलं.

"घेणारा काय बोलला?"

वारा बाभळीतून वाहत होता. लांबून रज्जाकभाई काय झालं म्हणून हात हलवत होते. हृषीकेशचं तोंड उघडं होतं. ओरडायला घेतलेला श्वास तसाच छातीत राहिला होता, आणि आता त्याचं काय करायचं ते त्याला कळेना.

"यंत्र..." तो म्हणाला. "यंत्र बोलत नसतं, सर."

"नाही बोलत."

"एकजण बोलत होती," सर म्हणाले. "दोनदा."

हृषीकेशला शलाका बोरवणकरचा आवाज आठवला. टेपवरचा नव्हे, त्या दिवशीचा, शेजारून आलेला. पहिल्यांदा हळू होता. दुसऱ्यांदा काठोकाठ भीतीनं भरलेला. आणि त्या आवाजाला त्यानं मान न वळवता दिलेलं उत्तर आठवलं. येईल ते मध्ये.

त्याला पुन्हा राग आला. पण या वेळी तो टॉवरवर जाऊन बसेना, यंत्रावर बसेना, त्या पोरीवर तर मुळीच बसेना. फिरून फिरून घरी येत होता.

"माझं कमांड जाईल," तो म्हणाला. आवाज अजून चढाच होता, पण त्यात दम राहिला नव्हता.

"जाईल."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"तुझ्या मागे एकशे बासष्ट माणसं होती," सर म्हणाले. "मला आठ रात्री झोप नाही."

त्यांनी शर्टाच्या खिशातून कागद काढला. घडी उघडली. दुसऱ्या खिशातून पेन काढलं आणि ते कागदावर आडवं धरलं. खालची सरांच्या सहीची जागा कोरी होती. तिसऱ्या ओळीत शलाका बोरवणकरचं नाव होतं.

कागद आणि पेन त्यांनी हृषीकेशपुढे धरलं.

"तुझ्याकडे," सर म्हणाले.

हृषीकेशनं हात पुढे केला आणि कागद धरला. ओढला. तो येईना. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या बोटांत इतका जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. दोघंही एकाच कागदाची दोन टोकं धरून गवतात उभे होते, आणि मागे एका पंखावर कललेलं ग्लायडर होतं.

"सोडा ना, सर."

सरांनी सोडला नाही.

"सर, फाटेल तो."

"तू अजून बोलला नाहीस."